अकरा वेळा उघडलेले दरवाजे

९ मार्च २०१६. नऊ लाख सत्त्याण्णव हजार दोनशे अठ्ठेचाळीस रुपये. नुकसानीचं ते पत्रक मी तयार केलं आणि खाली सहीही माझीच आहे. आकडा बरोबर आहे. नंतर दोनदा तपासला, एका पैशाचा फरक नाही. तरी माझ्या नोकरीतला सगळ्यात चुकीचा कागद कोणता असं कुणी विचारलं, तर मी तोच काढून दाखवीन.

आमची कंपनी कोंबडीची पिल्लं तयार करते. मोठ्या कपाटासारखी सहा उबवणी यंत्रं आहेत, एकेकात एकोणीस हजार दोनशे अंडी बसतात. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, खोक्यांत भरून त्याच दिवशी गाड्यांतून जातात. मी हिशेब खात्यात, म्हणजे आवाराच्या दुसऱ्या टोकाला. पिल्लांचा आणि माझा संबंध नगाशी आणि दराशी. त्यांचा खरा संबंध होता पापणीमामांशी.

हे नाव त्यांना कामगारांनी दिलं होतं. यंत्रातलं अंडं उचलून ते डोळा मिटायचे आणि अंडं पापणीवर टेकवायचे. दोन क्षण थांबायचे. मग म्हणायचे, "बरंय," किंवा "अर्धा डिग्री जास्त." मागून कुणीतरी थर्मामीटर लावून बघायचा आणि मान हलवायचा. मी एकदा विचारलं होतं, पापणीच का? म्हणाले, "हाताला सवय होते, साहेब. गालाला वारा लागतो. पापणीला अजून खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नाही."

सत्तावीस वर्षं त्यांनी हे काम केलं. शिक्षण सातवीपर्यंत. प्रत्येक यंत्राच्या दरवाजाला एक कार्ड लटकवायचे, त्यावर अंडी भरल्याची तारीख आणि दिवसाला एक रेघ. आवाराच्या मागे कंपनीची दोन खोल्यांची घरं होती, त्यातल्या शेवटच्या घरात ते आणि वहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. वहिनी थट्टेनं म्हणायच्या, "यांना वर्षाला पंधरा लाख पोरं होतात, मला कशाला विचारता?"

ऑगस्ट २०१५ मध्ये यंत्रांना संगणकाची जोड आली. अंड्याचं वय मोजून संगणक स्वतःच उष्णता कमीजास्त करणार, हवेच्या झडपा उघडणार आणि बंद करणार. दरवाजावरची कार्डं काढून टाकली. दरवाजा उघडायचा तर आधी आपला चार आकडी कोड दाबायचा, म्हणजे कुणी उघडला, कधी, किती वेळ, सगळं नोंदलं जातं. उत्पादन मॅनेजर वयाने लहान, हुशार आणि नव्या यंत्रणेवर खूश होते. मामांना म्हणाले, "आता जरा डोळे उघडे ठेवून काम करा." सगळे हसले. मामाही हसले.

२९ फेब्रुवारी २०१६, सोमवार. सहापैकी चार यंत्रांत एकच लॉट होता, १३ तारखेला भरलेला. दोन यंत्रं धुवायला रिकामी. सोळा दिवसांचं अंडं म्हणजे आत जवळजवळ पूर्ण पिल्लू असतं. ते स्वतःच उष्णता सोडतं, त्याला हवा लागते. अशा वेळी यंत्राने गार करायचं असतं. पहिल्या एकदोन दिवसांत मात्र उलटं: झडपा बंद ठेवून अंडी तापवायची असतात.

सकाळी सहाला मामा आले. सवयीने चार नंबरचं यंत्र उघडून अंडं पापणीला लावलं आणि झटकन बाजूला केलं. पडद्यावर हिरवा दिवा होता. आतल्या हवेची उष्णता ठरवलेल्या आकड्यावर होती. पण तो आकडा ठरवला कुणी आणि कोणत्या वयासाठी, हे पडद्यावर दिसत नसे. ते पान मॅनेजरांच्या कोडने उघडायचं. मामांनी वर पाहिलं तर झडपा बंद. त्यांनी मॅनेजरांना फोन केला. उत्तर आलं, "हिरवा दिवा आहे ना? मग हात लावू नका."

त्यांनी हात लावला. चार नंबरचा दरवाजा उघडून पंख्याने वारा घातला, बंद केला, पुन्हा उघडला. मग तीन नंबर. असं अकरा वाजेपर्यंत चाललं. अकराला मॅनेजर आले. फोनवर दरवाजा उघडल्याच्या सूचना पाहून त्यांचं डोकं फिरलं होतं. तिथे काय बोलणं झालं ते धुणाऱ्या कामगाराने मला पुढे सांगितलं.

"मामा, हे यंत्र आहे की तुमच्या घरचा फ्रीज? सारखं उघडताय!"

"साहेब, पोरं गुदमरतायत. झडपा बघा."

"झडपा कधी उघडायच्या ते त्याला कळतं. चाळीस लाखांची यंत्रणा काय शोभेला आणलीय?"

"तुम्ही एक अंडं डोळ्याला लावून बघा. एकच."

"मी डोळ्याला लावायला लागलो तर यंत्रणा विकून दोन डोळे आणखी विकत घ्यावे लागतील. कोड बंद करतोय मी तुमचा. बाहेर बसा."

मामा बाहेर बाकावर बसले. संध्याकाळी सहापर्यंत तिथेच होते. एक आणि दोन नंबरचे दरवाजे त्या दिवशी कुणीच उघडले नाहीत. मंगळवारी सकाळी ते आले तेव्हा चारही यंत्रांच्या झडपा उघड्या होत्या. कुणीही काही केलं नव्हतं.

५ मार्चला पिल्लं निघाली. एरवी शंभर अंड्यांत चौऱ्याऐंशी निघतात, या वेळी एकतीस निघाली. उरलेली अंडी ट्रॉल्या भरभरून मागच्या खड्ड्याकडे गेली. त्यातल्या कित्येकांत पिल्लं चोच वर करून मेलेली होती. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने नोंदी छापून घेतल्या आणि दीड पानाचा अहवाल दिला: यंत्रणेत दोष नाही, उष्णता दिवसभर ठरवल्याप्रमाणे होती, मात्र एका कामगाराने दरवाजे अकरा वेळा, एकूण एक तास बावन्न मिनिटं उघडे ठेवले, नुकसान त्यामुळे झालं.

मग पत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. पिल्लांची मोजणी यंत्रवार माझ्या टेबलावर होती. ती इथे देतो. यंत्र एक: दोन हजार एकशे बारा. यंत्र दोन: दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. यंत्र तीन: नऊ हजार चोवीस. यंत्र चार: नऊ हजार नऊशे चौऱ्याऐंशी.

चार नंबर सात वेळा उघडलं होतं, तीन नंबर चार वेळा, एक आणि दोन एकदाही नाही. म्हणजे जिथे दरवाजा जास्त उघडला तिथेच जास्त पिल्लं जगली. हे कळायला संगणक लागत नाही, शाळेतलं गणित पुरतं. मला ते कळलं होतं.

८ तारखेला दुपारी मामा माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"साहेब, एकच मागणं आहे. पत्रक यंत्रवार लिहा. चार ओळी. बाकी काही लिहू नका, माझ्या बाजूने नको, कुणाच्या बाजूने नको."

"मॅनेजर साहेबांनी एकूण आकडा मागितलाय, मामा."

"एकूण आकड्यात मी चोर दिसतो. चार ओळींत दिसत नाही. घर जाईल हो आमचं."

मी बघतो म्हटलं. मालकांच्या केबिनमध्ये विचारलंही. मॅनेजर म्हणाले, "तपशील जोडला की विमावाले शंका काढतात. एकच आकडा द्या." मालकांनी मान डोलावली. मी परत येऊन बेरीज केली. तेवीस हजार आठशे आठ निघाली, चाळीस हजार सातशे चार कमी, दर साडेचोवीस रुपये. यंत्रवार तक्ता फाइलला लावला आणि फाइल कपाटात ठेवली.

मामांना निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढलं. सत्तावीस वर्षांच्या सेवेचे दोन लाख चौदा हजार सहाशे पन्नास रुपये नुकसानीपोटी अडवून ठेवले. घर तीस दिवसांत सोडायचं होतं. आमचा धंदा लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. मामा चार उबवणी केंद्रांत जाऊन आले. चारही ठिकाणी त्यांना चहा मिळाला आणि सेवापत्रातला 'निष्काळजीपणा' हा शब्द वाचून कप परत घेतला गेला.

शेवटी एका वाहनतळावर पावत्या फाडायचं काम मिळालं. खोली मिळाली ती गाड्या रंगवायच्या कारखान्याच्या वर, पत्र्याची. खाली दिवसभर रंगाचे फवारे चालायचे. वहिनींना दम्याचा त्रास आधीपासून होता, पण मागच्या मोकळ्या आवारात तो दबून असायचा. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. खिडकीच्या फटी ओल्या वर्तमानपत्राने बुजवल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "बसा भावोजी. आज लाल रंग चाललाय. लाल जरा बरा, चंदेरी असला की माझं खरं नाही." मामा वर्तमानपत्र पुन्हा ओलं करत होते.

२०१८च्या मार्चमध्ये ते माझ्याकडे ऑफिसात आले. शर्ट इस्त्रीचा, हातात प्लास्टिकची पिशवी. दार लावून घेतलं.

"साहेब, सापडलं."

"काय?"

"वाहनतळावर एक जण भांडत होता. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, मग पूर्ण महिन्याचे पैसे का घेता म्हणून. मी त्याला म्हटलं, बाबा, दर चार वर्षांनी एक दिवस फुकट देतो की तुला. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडकली." त्यांनी पिशवीतून २०१६चं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. "झडपा सोमवारी बंद. रविवारी उघड्या होत्या, मी स्वतः पाहिल्यात. मंगळवारी उघड्या. मधला एकच दिवस, आणि ती तारीख बघा कोणती. मशीनला ही तारीख शिकवलीच नसेल तर? त्याला वाटलं असेल, आज काही मोजता येत नाही, म्हणजे अंडी आज भरली. मग त्याने शहाण्यासारखं दार लावून तापवायला घेतलं."

मी कॅलेंडर बघत राहिलो. नंतर त्यांनी सांगितलं तसं पत्र मी लिहून दिलं, त्यांनी सही केली, ६ मार्च २०१८. मी माझं पत्र जोडून ते यंत्रणा पुरवणाऱ्यांकडे पाठवलं. उत्तर सहा ओळींचं आलं: यंत्रणेची संपूर्ण चाचणी झालेली आहे, असा दोष संभवत नाही, तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तीच्या अंदाजावर भाष्य करता येत नाही. मी ते मामांना वाचून दाखवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग दोन वर्षं थांबू. तेव्हा खरं खोटं कळेल. फक्त त्या दिवशी कुणीतरी दरवाजे उघडा म्हणावं."

त्याच वर्षी डिसेंबरात वहिनी गेल्या. मी गेलो होतो तेव्हा खाली कारखाना त्या दिवसापुरता बंद ठेवलेला होता. मामा म्हणाले, "आज हवा बरी आहे." एवढंच.

२०२०. मी विसरलो नव्हतो. २४ फेब्रुवारीला मॅनेजरांना लेखी कळवलं. ते आता महाव्यवस्थापक झाले होते. कागद वाचून हसले. "काय हो अकाउंटंट साहेब, तुम्हीही पापण्या लावायला लागलात?" पण त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून सांगितलं, नवी आवृत्ती घातली आहे, काळजी नको.

२९ तारखेला शनिवार होता. पाच यंत्रं भरलेली, सतरा दिवसांचा लॉट. सहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"साहेब, मी गेटवर आहे. मला आत सोडत नाहीत. तुम्ही या आणि झडपा बघा."

मी सातला पोहोचलो. मामा गेटच्या गजांना धरून उभे होते. पहारेकरी खुर्चीत ओशाळून बसला होता. मी आत गेलो. पाचही यंत्रांवर हिरवा दिवा. पाचही यंत्रांच्या झडपा बंद.

महाव्यवस्थापक बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, "मी निघतो. तीनपर्यंत पोहोचतो. तोपर्यंत कुणीही काहीही उघडायचं नाही. तंत्रज्ञाला मी लावतो फोन." तंत्रज्ञाचा फोन लागत नव्हता.

धुणारा कामगार माझ्याजवळ उभा होता, २०१६ला होता तोच. म्हणाला, "साहेब, उघडायचं तर उघडू. पण कोड कुणाचा टाकू? माझा की तुमचा?"

मलाही एक कोड होता, वर्षअखेरच्या मोजणीसाठी दिलेला. तो दाबला असता तर नोंदीत माझं नाव आलं असतं. माझी सेवा बत्तीस वर्षांची झाली होती. मागे दोन लाख चौदा हजार सहाशे पन्नास हा आकडा मीच एका माणसाच्या नावाखालून वजा केला होता, त्यामुळे माझा आकडा किती होईल तेही मला माहीत होतं.

"साहेबांना येऊ दे," मी म्हटलं.

बाहेरून मामांचा आवाज येत होता. "दरवाजे उघडा! अहो, कुणीतरी दरवाजे उघडा!" पहारेकऱ्याने त्यांना दोनदा पाणी दिलं. दहाच्या सुमाराला ते ओरडायचे थांबले आणि अकराच्या आत निघून गेले, वाहनतळावर त्यांची पाळी होती. त्यांनी स्वतः अकरा वेळा दरवाजा उघडला होता. मी एकदाही उघडला नाही.

महाव्यवस्थापक तीनला आले, पण तेही तंत्रज्ञाची वाट बघत बसले. त्या लॉटमधून शंभराला नऊ पिल्लं निघाली. तीच यंत्रणा वापरणाऱ्या आणखी दोन केंद्रांत त्याच दिवशी तेच झालं, तेव्हा मात्र पुरवठादारांना कानावर हात ठेवता येईनात. त्यांचा मोठा इंजिनिअर आला. दोन तासांत त्याला दोष सापडला. फेब्रुवारीची एकोणतिसावी तारीख आली की संगणकातल्या प्रोग्रॅमला अंडी भरल्याची तारीख आणि आजची तारीख यांतलं अंतर काढता येत नसे. मग तो अंड्याचं वय शून्य धरायचा. मध्यरात्री तारीख बदलली की पुन्हा सगळं बरोबर. एक ओळ बदलायची होती. मी घड्याळ लावून पाहिलं, चार मिनिटं लागली.

पुढे साथीमुळे सगळंच अडलं, म्हणून भरपाईचा दावा २०२१मध्ये चालला. आमच्या वकिलांना असा पुरावा हवा होता की दोषाची कल्पना पुरवठादारांना आधीच दिली होती. मी फाइल काढून दिली. ६ मार्च २०१८चं मामांचं पत्र दाव्याचा मुख्य कागद झाला. यंत्रवार तक्ताही त्याच फाइलमधून निघाला. वकील तो बघून म्हणाले, "अहो, हा तर सोन्यासारखा कागद आहे. त्या वेळी का नाही दिलात?" मी फाइलचं पुढचं पान उलटून दिलं. साक्षीसाठी मामांना तीन वेळा बोलावलं गेलं. तीनही वेळा ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेच्या आधी येऊन बसले. समोरच्या वकिलाने विचारलं, "उष्णता मोजण्याचं तुमचं साधन काय?" मामा म्हणाले, "पापणी." तिथे हशा पिकला. समोरचा वकील हसला नाही, कारण त्याला पुढचा प्रश्न सुचत नव्हता.

कंपनीला एकतीस लाख मिळाले. सप्टेंबर २०२१मध्ये मामांना त्यांचे अडवलेले दोन लाख चौदा हजार सहाशे पन्नास रुपये चेकने दिले. साडेपाच वर्षांचं व्याज दिलं नाही, तसा ठराव नव्हता. सेवापत्र बदलून दिलं. मालकांनी त्यांना बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत." मामांनी विचारलं, "मग येऊ का परत?" मालकांनी महाव्यवस्थापकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आता कवचाची उष्णता मोजणारे सेन्सर बसवलेत, मामा. ती जागाच राहिली नाही." आणि समजूत काढल्यासारखं पुढे म्हणाले, "तुमच्यामुळेच बसवले."

ते अजून वाहनतळावर आहेत, त्याच पत्र्याच्या खोलीत राहतात. खोली बदला, आता पैसे आहेत, असं मी एकदा म्हटलं. म्हणाले, "एकट्याला कशाला? ज्यांना बदलायची होती त्या गेल्या." मग मला म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी आत होतात ना, साहेब?" मी हो म्हटलं. "अंडं हातात घेतलंत का?" नाही म्हटलं. त्यांनी समोरच्या गाडीची पावती फाडली आणि सुटे परत दिले.

साक्षीच्या तीन खेपांचा प्रवास आणि बुडालेली मजुरी कंपनीने द्यायची असं ठरलं होतं. खेपेला तीनशे ऐंशी. व्हाउचर मंजूर झालं एप्रिल २०२२मध्ये, त्याच महिन्यात हिशेबाची नवी प्रणाली आली. तिच्यात ज्याला पैसे द्यायचे त्याचा कोड लागतो. मामांचा जुना कोड उघडला तर 'कामगार सेवेत नाही' असं येतं, आणि नवा करायला गेलं तर 'ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे' असं येतं. रोख देणं बंद केलेलं आहे. मी तीन वेळा तक्रार नोंदवली. माझ्या खिशातून देऊ केले तेव्हा मामा म्हणाले, "तुमचे नकोत. ज्यांचं देणं आहे त्यांनी द्यावं."

३१ मेला मी निवृत्त होतो आहे. माझ्या जागी येणाऱ्यासाठी बाकी कामांची यादी केली आहे. तिच्यात सतराव्या क्रमांकावर ही नोंद आहे: कंपनीने पापणीमामांना एक हजार एकशे चाळीस रुपये देणे आहे.